लेथ का थरथरतो?

वैनगंगेच्या खोऱ्यातले आरमोरी हे गाव टसर रेशमाच्या, म्हणजेच कोशाच्या, कापडासाठी प्रसिद्ध आहे. पूर्वी ते चंद्रपूर जिल्ह्यात होते. १९८२ साली नवा जिल्हा झाल्यापासून ते गडचिरोलीत आहे. येथल्या जंगलपट्ट्यात सागाप्रमाणे हळदूही वाढतो. हळदूचे लाकूड बारीक, एकसारख्या पोताचे असल्याने धागा गुंडाळण्याच्या बॉबिनसाठी ते चांगले समजतात. पण बॉबिन नेमकी गोल नसेल, तर फिरताना ती हिसके देते आणि धागा तुटतो. लाकूड गोल करण्याचे काम लेथवर होते. म्हणून आधी लेथ स्वतः स्थिर हवा.

लेथची रचना सोपी आहे. डावीकडच्या हेडस्टॉकमधला दांडा मोटारीच्या पट्ट्याने फिरतो. उजवीकडचा टेलस्टॉक लाकडाला दुसऱ्या टोकाने आधार देतो. मध्ये लाकूड फिरते आणि टेकणीवर टेकवलेली पटाशी ते कातते.

आता थोडे गणित करा. मोटार मिनिटाला १४४० फेरे घेते. तिच्यावरची पुली ५ सेंटिमीटर व दांड्यावरची १५ सेंटिमीटर व्यासाची असेल, तर दांडा ४८० फेरे घेईल. दोन्ही पुल्या सारख्या असतील तर १४४०. समजा, ठोकळ्याची एक बाजू ५० ग्रॅमने जड आहे आणि हे जादा वजन मध्यापासून ८ सेंटिमीटरवर आहे. ४८० फेऱ्यांना ते दांड्याला सुमारे १ किलो वजनाइतके ओढील. वेग तिप्पट केला की ही ओढ तिप्पट होत नाही, नऊपट होते! कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ९ किलोंची ही ओढ सेकंदाला २४ वेळा दिशा बदलते. यालाच आपण थरथर म्हणतो. ठोकळा सुटलाच तर तो जिवावर बेतू शकतो. म्हणून ओबडधोबड किंवा मोठा ठोकळा नेहमी कमी वेगाने सुरू करावा.

ठोकळा समतोल असूनही थरथर राहिली, तर दोष यंत्रात शोधावा. वीज बंद करून पुढील गोष्टी तपासा.

टेलस्टॉक सरकवून दोन्ही टोके समोरासमोर आणा. ती एकमेकांना बरोबर भिडली पाहिजेत. तशी भिडली नाहीत तर लाकडात रुतलेले टोक फिरताना भोक मोठे करते आणि लाकूड ढिले पडते.

दांडा हाताने वरखाली हलवून पाहा. तो हलला तर बेअरिंग झिजले आहे किंवा सैल झाले आहे.

दोन्ही पुल्या एका रेषेत हव्यात. पट्टा सैल असेल तर घसरतो. फार ताणलेला असेल तर बेअरिंगवर भार टाकतो.

टेकणीच्या काठाला खाचा पडल्या असतील तर त्यांत पटाशी अडकते. कानशीने काठ गुळगुळीत करा. टेकणी बसवल्यावर लाकूड हाताने एक पूर्ण फेरा फिरवून मगच वीज सुरू करा.

काम संपल्यावर भुसा झाडा. तो हवेतला ओलावा शोषून लोखंडाला गंज आणतो. तेल द्यायचे ते झाडल्यानंतर, नाहीतर भुसा व तेल यांचा चिकटा होतो. सागात वाळूसारखी सिलिका असते. तिने पटाशीची धार लवकर जाते, म्हणून ती पुन्हा पुन्हा दगडावर लावावी लागते. बोथट पटाशी लाकूड कापत नाही, ढकलते; आणि थरथर पुन्हा सुरू होते.

ठोकळ्याची जड बाजू कशी ओळखाल? सायकल उलटी ठेवून पुढचे चाक हळू फिरवा आणि आपोआप थांबू द्या. बहुतेक वेळा व्हॉल्व्हची बाजू खाली येऊन थांबेल. लेथचा पट्टा काढून ठोकळाही असाच हलकेच फिरवा. दरवेळी जी बाजू खाली येईल, तीच जड. तिथले लाकूड आधी तासून टाका, मग यंत्र सुरू करा.