बसून राहिलेल्या मोटारीचे ब्रेक

गणपतीला चार दिवस उरले, की कोकणातल्या पुष्कळ घरी जूनमध्ये ताडपत्री घालून ठेवलेली मोटार बाहेर निघते. बॅटरी चढवली जाते, इंजिन खोकत खोकत का होईना चालू होते, पहिला गिअर पडतो. आणि मागून कुणी धरून ठेवल्यासारखी गाडी जागीच बसते. मग चारपाच जण लोटायला येतात. इंजिन ओरडते, कुठेतरी ‘खट्’ असा आवाज होतो आणि गाडी सुटते. काम झाले, असे सगळ्यांना वाटते. ते खरोखर झाले का, एवढेच आज पाहू.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली, तेव्हा शहरांतल्या उभ्या गाड्यांचीही चाके अशीच धरली. त्यांत नव्या गाड्याही होत्या. म्हणजे गाडी जुनी असलीच पाहिजे असे नाही. ती दमट हवेत बसून राहिली की पुरे.

पुष्कळ गाड्यांच्या मागच्या चाकांत बिडाचा ड्रम असतो. त्याच्या आत दोन अर्धगोल ब्रेकशू, आणि शूवर लायनर. हातब्रेक ओढला की शू फाकतात आणि लायनर ड्रमला घट्ट चिकटते. आता गाडी धुऊन तशीच ओली उभी केली, हातब्रेक ओढला आणि वर चार महिने पाऊस. बीड गंजते, तो गंज लायनरमध्ये शिरतो आणि दोघांची गाठ बसते. अशा वेळी इंजिनाच्या जोराने ओढले, तर कधी गंज तुटतो, पण कधी लायनरच शूवरून उखडते. तो ‘खट्’ कशाचा होता हे ड्रम उघडल्याशिवाय कळत नाही. उखडले असेल, तर त्या चाकाला ब्रेक उरत नाही, किंवा तुकडा अडकून चाक भलत्याच वेळी जाम होते.

म्हणून आधी सपाट जागा, बाकीच्या चाकांना दगड, हातब्रेक सोडलेला. गाडी हलकेच पुढे-मागे झुलवून पाहा. न सुटल्यास जॅक लावा, जॅकशेजारी भक्कम ठोकळा द्या, चाक काढा आणि ड्रमच्या कडेला लाकडी मोगरीने सगळीकडून बेताने ठोका. लोखंडी घण नको, बीड तडकते. ड्रम निघाला, तर आतली पूड फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचा आणि तो फुप्फुसाला घातक आहे. ओल्या फडक्याने पुसा.

हातब्रेक सोडूनही शू मिटत नसतील, तर केबल पाहा. ती आपल्या नळीत गंजून अडकलेली असते. तिचा नट सैल केल्यावर चाक फिरले, तर चोर तिथेच सापडला.

पायाच्या ब्रेकची गोष्ट वेगळी. इथे शिक्षकांनी एक प्रयोग वर्गात जरूर करावा. सुया काढलेल्या दोन पिचकाऱ्या पाण्याने भरून एका मऊ नळीने जोडा. एकीचा दट्ट्या दाबला की दुसरीचा बाहेर येतो. पास्कलचा नियम तो हाच. आता दट्ट्या बाहेर आलेला असताना मधली नळी चिमटीत धरा आणि पहिला दट्ट्या मागे ओढा. दुसरा परत जात नाही! जुना रबरी होज आतून सुजला, की तेल जोराने पुढे जाते, पण परत येत नाही. चाक धरलेलेच राहते. चाकाजवळचा निपल पान्याने किंचित सैल केल्यावर तेल उडून चाक मोकळे झाले, तर आत दाब कोंडला होता. न झाल्यास शू, केबल किंवा गंजलेला पिस्टन पाहायचा. चारही चाके धरत असतील, तर पेडलला थोडी मोकळी चाल आहे का आणि मास्टर सिलिंडरचे तेल परतण्याचे छिद्र बुजले आहे का, ते तपासा. निपल उघडला, की नंतर हवा काढून तेल भरलेच पाहिजे.

आता मुख्य मुद्दा. पावसाळ्यात मिठाची बरणी ओली होते ना? तसे नेहमीचे ब्रेक ऑइल हवेतली ओल पिते. डॉट ३ जातीचे कोरे तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात शेकडा ३.७ भाग पाणी मिसळले, की ही हमी १४० अंशांवर येते. लोटून सुटलेले चाक पुष्कळदा थोडे धरूनच चालते, तापत राहते. सपाटीला फक्त जळका वास येतो. पण तीच गाडी माणसे भरून कुंभार्ली घाट उतरू लागली, की वारंवार ब्रेक लागतो, तेल उकळते, वाफ धरते. वाफ दबते, म्हणून पेडल तळाला जाते आणि चाकापर्यंत जोर पोचतच नाही. घरी चाक सोडत नव्हता, तोच ब्रेक घाटात धरत नाही.

तेव्हा सुटलेली गाडी आधी मोकळ्या मैदानात बेताने चालवा. मैलभर जाऊन उतरा, चारही चाकांजवळ हात न टेकवता धग पाहा. एखादेच चाक फार तापले, तर पुढे जाऊ नका. होज, रबरे आणि तेल बदलून घ्या. आणि एक: आपल्याकडे सगळे काही रॉकेलमध्ये धुतात. ब्रेकची रबरे रॉकेल, डिझेल किंवा इंजिन ऑइल लागले की फुगतात. ती ताज्या ब्रेक ऑइलनेच धुवावीत. बैलगाडीच्या आसाला वंगण हवेच, लायनरला मात्र त्याचा थेंबही चालत नाही.

पुढच्या जूनमध्ये गाडी ठेवताना चार-दोन मैल चालवून ब्रेक कोरडे करा. जागा सपाट निवडा, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, गिअर टाका आणि हातब्रेक सोडून ठेवा. स्टिअरिंगला एक चिठ्ठी बांधा: ‘गिअरमध्ये आहे, हातब्रेक सुटा आहे.’ घरातले दुसरेच कुणी किल्ली फिरवायला आले, तर आधी ती वाचेल.