प्रकाशाची फणी व अंतराचा निर्णय

वर्षाचा उल्लेख नसलेलें पत्र हातीं आलें म्हणजे संशोधकास काय अडचण पडते, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. तिथि व वार यांवरून दिवस नेमका कळतो. परंतु तोच मेळ अनेक वर्षीं येत असल्यानें शक ठरत नाहीं. संवत्सराचें नांव सांपडलें तरी तेंहि साठ वर्षांनीं फिरून येतें. असे लहानमोठे आवर्त एकमेकांशीं ताडिले म्हणजेच निर्णय होतो. लेझरनें अंतर मोजण्याची विद्या याच न्यायानें चालते.

प्रकाश निर्वातांत सेकंदास २९,९७,९२,४५८ मीटर जातो. किरण जाऊन परतण्याचा काल मोजूं गेल्यास, सेकंदाच्या एक अब्जांश चुकीनें अंतर १५ सेंटिमीटर चुकतें. उलट, परतलेल्या लहरीची कला पाहिली तर माप अतिसूक्ष्म मिळतें. पण दीड मायक्रोमीटरच्या त्या लहरीचीं किती आवर्तनें झालीं, हें ती सांगत नाहीं.

या दोन साक्षींमधील दुवा म्हणजे प्रकाशाची फणी, अर्थात् समान अंतरानें मांडिलेल्या अनेक वारंवारतांचा संच. १५५० व १५५१ नॅनोमीटरच्या दोनच लहरी ताडिल्या तरी त्यांचा मेळ सुमारें २.४ मिलिमीटरांनीं पुनः जमतो. अशा फणीच्या कार्याबद्दल जॉन हॉल व थेओडोर हेन्श हे २००५ च्या नोबेल पारितोषिकाचे सहभागी झाले. पुढें २००७ मध्यें, केंसाच्या जाडीशीं तुलना करावी इतक्या लहान कड्यांत प्रकाश फिरवून तशीच फणी उपजवितां येते, असें सिद्ध झालें. आतां तें कडें व प्रकाशाचे मार्ग सिलिकॉन नायट्राइडच्या एकाच चिपवर कोरितां येतात. २०१८ मध्यें कार्ल्सरुहे व लोझान येथील संशोधकांनीं अशा फण्यांनीं सेकंदास १५० मीटर वेगानें जाणाऱ्या गोळीचा आकार टिपला. मापांतील चांचल्य १२ नॅनोमीटरांपर्यंत उतरलें होतें.

कडें लहान म्हणून फणीचे दांते विरळ, आणि म्हणूनच माप जलद. परंतु त्याच कारणानें आवर्तहि आंखूड. दांत्यांत १०० गिगाहर्ट्झ अंतर असतां तो अवघा दीड मिलिमीटर. तेव्हां स्थूल साक्ष सोडून चालत नाहीं. शिवाय हवेची उष्णता एक अंश सेल्सिअस बदलली कीं किलोमीटरामागें सुमारें एक मिलिमीटर फरक पडतो; तो चिप दूर करीत नाहीं.

झिजलेल्या शिलालेखांचीं व गडकोटांचीं लेझरमापें आतां संग्रहांत येत आहेत. मूळ अक्षर नष्ट झाल्यावर हींच मापें पुरावा ठरतील. म्हणून आमची विनंती एवढीच कीं, मोजण्याची रीत, हवेची स्थिति व चुकीची मर्यादा यांची नोंद मापासोबतच ठेवावी. तिच्यावांचून दशांश कितीहि असले तरी तें माप म्हणजे शक नसलेलें पत्रच होय.