जीएसटी नंबरातलं सहावं अक्षर कधी बघितलंय?



रात्री जेवणं झाली की मला नेटवर उगाच भटकायची खोड आहे. घरचे विचारतात, "याचा धंद्याला काय उपयोग?" खरं सांगू? बऱ्याचदा काहीच नसतो. आता हेच बघा. नेट गेलं की क्रोममध्ये एक छोटा डायनासोर दिसतो ना? तो नुसतं चित्र नाही. त्याच्यावर बोट टेकवा, पळायला लागतो! २०१४ पासून तो तिथे आहे आणि माझे कित्येक तास त्याने खाल्लेत.

पण याच भटकंतीत सापडलेल्या चार गोष्टींनी मागच्या महिन्यात सेलू तालुक्यातल्या एका बचत गटाचे चाळीस हजार वाचवले.

गटाला तुरीची डाळ करून विकायची होती, म्हणून मिनी दाल मिल हवी होती. गुजरातच्या एका विक्रेत्याने व्हॉट्सॲपवर फोटो आणि कोटेशन पाठवलं. भाव मोंढ्यापेक्षा बराच कमी. वर घाई, "आजच निम्मे भरा, उद्या ऑफर संपेल." गटाच्या ताईंचा मला फोन आला, "सर, पैसे पाठवायच्या आधी एकदा नजर टाका ना."

१. फोटो. तो गूगल लेन्समध्ये टाकला. तीच मशीन, तीच भिंत, पण विकणाऱ्या कंपन्या चार! डीलर लोक कंपनीचाच फोटो वापरतात, त्यामुळे एवढ्यावरून कुणाला चोर म्हणता येत नाही. ताईंना म्हटलं, मशीन चालू करून व्हिडिओ कॉलवर दाखवायला सांगा. उत्तर आलं, "आज कारखाना बंद आहे."

२. जीएसटी नंबर. ही माझी सगळ्यात आवडती गंमत. या पंधरा अक्षरांत पहिले दोन आकडे म्हणजे राज्य. महाराष्ट्र २७, गुजरात २४. पुढची दहा म्हणजे पॅन. त्यामुळे नंबरातलं सहावं अक्षर मालक कोण ते सांगतं: 'पी' म्हणजे एकटा माणूस, 'एफ' म्हणजे भागीदारी फर्म, 'सी' म्हणजे कंपनी. कोटेशनवर 'प्रायव्हेट लिमिटेड' छापलं होतं आणि सहावं अक्षर होतं 'पी'! मग जीएसटीच्या सरकारी साइटवर 'सर्च टॅक्सपेअर'मध्ये नंबर टाकला. लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत. नाव दुसऱ्याचंच आणि नोंदणी रद्द झालेली.

३. साइटचं वय. 'आयकॅन लुकअप'वर वेबसाइटचं नाव टाकलं की ते कधी नोंदवलं, ती तारीख दिसते. कोटेशनवर लिहिलं होतं 'वीस वर्षांचा विश्वास'. साइट होती सात आठवड्यांची. बाळाचं बारसं झालं नाही अन् म्हणे वीस वर्षं!

४. यूपीआयवरचं नाव. रक्कम पाठवण्याआधी स्क्रीनवर खातेदाराचं नाव येतं. आपण ते वाचतच नाही. इथे ते ना कोटेशनवरच्या कंपनीचं होतं, ना जीएसटीवरचं.

ताई थांबल्या. आता मोंढ्यातल्या डीलरकडे जाऊन, समोर डाळ काढून बघूनच मशीन घेणार आहेत. चार पैसे जास्त जातील, पण उद्या पट्टा तुटला तर कुणाच्या दारात जायचं ते माहीत असेल.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. चारही तपासण्या पास झाल्या म्हणजे माणूस शंभर टक्के खरा, असं नाही. दुसऱ्याचा चालू जीएसटी नंबर छापणारेही असतात. म्हणून नंबर, नाव आणि खातं, तिन्ही एकमेकांशी जुळतात का ते बघा. आणि पैसे गेलेच, तर लाजत घरी बसू नका. लगेच १९३० ला फोन लावा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता येण्याची शक्यता असते, म्हणून इथे प्रत्येक मिनिट मोलाचं.

आता गृहपाठ. गल्ल्याखालच्या खणातून तुमच्या सगळ्यात मोठ्या सप्लायरचं बिल काढा. सहावं अक्षर बघा, मग साइटवर नंबर टाका. दोन मिनिटांचं काम आहे. डायनासोर नंतर पळवा!