भिंतीवरची वेल, छातीतला दमा

जानेवारीतल्या एका सकाळी नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन त्याची आई ओपीडीत आली. रात्री कॅज्युअल्टीत नेब्युलायझर दिल्यावर मुलगा जरा सावरला होता. रोजचा पंप चालू आहे ना, असं विचारल्यावर ती घुटमळली. "डॉक्टर, तीन आठवडे झाले बंद करून. घर अगदी चौकावर आहे, म्हणून खोलीत मनीप्लँट लावलेत, सहा. मोबाइलवर आलं होतं, झाडं हवा शुद्ध करतात म्हणून."

तिच्यावर रागावून काय करणार? हा समज फार जुना आहे. 1989 साली अमेरिकेच्या 'नासा'ने छोट्या बंद पेटीत झाडं ठेवून काही विषारी वायू कमी होतात का, हे पाहिलं. ते कमी झाले. पण आपलं घर ही बंद पेटी नव्हे. 2019 मध्ये ड्रेक्सेल विद्यापीठातील संशोधकांनी अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला. इमारतीत एरवीच जी हवा आत-बाहेर होते, तिची बरोबरी करायची तर दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील, असं त्यातून निघालं. म्हणजे घरातल्या माणसांनी बाहेर जाऊन राहायचं! शिवाय तो सगळा हिशेब वायूंचा होता, धुराच्या कणांचा नव्हे.

रस्त्याकडेच्या भिंतीवर चढवलेल्या वेलींची गोष्ट थोडी वेगळी आहे. पान धूळ 'खात' नाही. वाऱ्याबरोबर आलेले कण त्यावर आदळून चिकटतात. पान खरखरीत, लवदार असेल तर जास्त चिकटतात. थोडा नायट्रोजन डायऑक्साइडही पानात शिरतो. 2012 मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंदाज मांडला की, अशा हिरवाईमुळे रस्त्यावरचे धूलिकण 60 टक्क्यांपर्यंत आणि नायट्रोजन डायऑक्साइड 40 टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतो. हे आकडे अजूनही जाहिरातींत फिरतात. पण ते संगणकावरचं गणित होतं, तेही दोन्ही बाजूंना उंच इमारती असलेल्या अरुंद रस्त्याचं, जिथे हवा कोंडून तिथल्या तिथेच फिरत राहते आणि भिंतीच्या भिंती पानांनी झाकलेल्या आहेत. ब्रिटिश सरकारच्याच तज्ज्ञगटाने 2018 मध्ये पाणी ओतलं: शहरभर भरपूर लागवड केली तरी कणांचं प्रमाण फार तर काही टक्क्यांनी उतरेल.

डॉक्टर म्हणून मला आणखी एक गोष्ट खटकते. वजनाने पाहिलं तर पानावर मुख्यतः जाड धूळ अडकते, आणि ती बरीचशी आपलं नाकही अडवतं. खरी भीती आहे ती पीएम 2.5 ची. केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या हिश्श्याचे हे कण थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते त्यांची वार्षिक सरासरी घनमीटरला 5 मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये. आपल्याकडची कायदेशीर मर्यादा 40 आहे. ही दरी वेलीने भरून निघणारी नाही.

मग लावायचीच नाही का? लावा, पण जागा बघून. लंडनमधल्या काही शाळांनी रस्ता आणि मैदान यांच्यामध्ये आयव्हीच्या वेलीची दाट भिंत उभी केली आहे. तिचं मुख्य काम आडोशाचं. गाडीचा धूर सरळ मुलांच्या नाकाशी न येता वरून वळून जातो, तोवर विरळ होतो. मात्र ती जमिनीपासून दाट हवी. खाली फट राहिली की धूर तिथूनच येतो. अरुंद गल्लीत मोठ्या झाडांचं छत झालं तर धूर उलट खालीच कोंडतो. वेल जागा अडवत नाही, वाराही अडवत नाही, म्हणून आपल्या गल्ल्यांना ती सोयीची.

आपल्याकडे एक अडचण अशी की पानं धुणारा पाऊस जून ते सप्टेंबर, आणि हवा सर्वांत वाईट नोव्हेंबर ते फेब्रुवारी. धुळीने माखलेलं पान नवी धूळ कमी धरतं आणि वारा सुटला की जुनीही परत सोडतं. म्हणून हिवाळ्यात आठवड्यातून एकदा नळीने पानं धुवावीत, आणि ऐन हिवाळ्यात पानं झडणारी वेल निवडू नये. वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी 2015 मध्ये पानातलं क जीवनसत्त्व, हरितद्रव्य, पाण्याचं प्रमाण आणि रसाची आम्लता यांवरून कोणत्या वेली प्रदूषण सोसतात, ते तपासलं होतं. गच्चीवरून पडद्यासारखी लोंबणारी कर्टन क्रीपर मला तरी बरी वाटते. सदाहरित आहे, दाट आहे.

उड्डाणपुलांच्या खांबांवरच्या त्या छोट्या कप्प्यांच्या बागांबद्दल मात्र माझं मत चांगलं नाही. पंप बंद पडला की चार दिवसांत सगळं तपकिरी होतं, आणि कप्प्यांत, तबकांत पाणी साचलं तर डेंग्यूच्या डासाची सोय होते. जमिनीत मुळं असलेली साधी वेल स्वस्त पडते आणि टिकते.

त्या आईला मी म्हटलं, "ताई, पंप आजपासून सुरू करा, बरं वाटलं तरी स्वतःहून बंद करू नका. सकाळ-संध्याकाळ गर्दीच्या वेळी रस्त्याकडची खिडकी लावून घ्या, दुपारी मागची उघडा. सोसायटीत विचारा, कंपाउंडवर वेल चढवता येते का."

"आणि ते मनीप्लँट? फेकून देऊ?"

"राहू द्या की. बाटल्यांत लावलेत ना? मग पाणी तेवढं दर आठवड्याला बदला."