गिटारची घूं घूं येते कुठून?

भीमजयंतीचा कार्यक्रम असो की खामगावातल्या लग्नाचा ऑर्केस्ट्रा, गाणं रंगात आलं की नेमकी गिटार खरखरायला लागते. वादक बोटाने पिन दाबून धरतो, साउंडवाला लांबून हातवारे करतो. पाहुणे डीजेला नावं ठेवतात. बहुतेक वेळा बिघाड एवढासाच असतो: केबलची पिन जिथे शिरते, तो जॅक ढिला झालेला असतो.

हा जॅक इलेक्ट्रिक गिटारपेक्षा वयाने थोर. अमेरिकेत न्यू हेवनला १८७८ साली पहिलं व्यावसायिक टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं. पुढे एकाचा फोन दुसऱ्याला जोडायला ऑपरेटर बोर्डाच्या भोकात पिन खुपसू लागले, त्याच घराण्यातली ही पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरची पिन. ते बोर्ड भंगारात गेले, फोनची वायरही गेली. पिन मात्र गिटारला आणि कव्वालीतल्या बेंजोला चिकटून राहिली.

जॅकच्या आत काम फक्त दोघांचं. एक लवचीक पत्ती पिनच्या टोकावर दाबून बसते, दुसरी बाजू पिनच्या अंगाला टेकते. गिटारच्या पिकअपमध्ये लोहचुंबकाभोवती केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. पोलादी तार थरथरली की त्यात वीज उठते, तीही व्होल्टच्या काही दशांशांपुरती. अख्खं मैदान हलवणारा आवाज आधी या दोन धातूंच्या स्पर्शातून वाट काढतो!

आता ती घूं घूं. अर्थची वायर सुटली की गिटार भोवतालच्या विजेची गुणगुण उचलते, आणि आपल्याकडे वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. शेगावपासून जवळच, अकोला जिल्ह्यातल्या पारसच्या वीजकेंद्रात टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला ५०. २०१३ च्या अखेरीस दक्षिणेची ग्रिडही जोडली गेली, तेव्हापासून सगळ्या देशाचं जाळं एकाच ठेक्यात चालतं. स्पीकरमधून ऐकू येतो तो तोच ठेका. वैताग खराच, पण ऐकावा असा.

दुरुस्तीत बहुतेकांचा हात चुकतो तो पहिल्याच पायरीवर. बाहेरून नट दिसतो, पक्कड लावून माणूस पिळत सुटतो. नट घट्ट होत नाही, नटासोबत आतला जॅकच गरगर फिरतो, वायरींना पीळ बसतो आणि चांगला टाकाही तुटतो. म्हणून जॅक ज्या प्लेटवर बसवलेला असतो तिचे स्क्रू आधी काढायचे, जॅक बाहेर घ्यायचा, एका हाताने तो पक्का धरायचा आणि मगच पान्हा फिरवायचा. नटाखाली दातेरी वॉशर नसेल तर घालावा, नाहीतर महिन्याभरात पुन्हा तेच. नट घट्ट असूनही पिन डुगडुगत असेल तर पत्ती सैल पडली आहे. ती बोटाने किंचित आत वाकवायची. फार वाकवली की मोडते.

वायर तुटली असेल तर सोल्डरिंग. रजतनगरी म्हणवणाऱ्या खामगावच्या चांदी कारागिरांना यात नवीन काही सांगायला नको. चांदीचं झाळकाम करताना ते टाकणखार लावतात, इथे सोल्डरच्या पोटात राळ असते. काम दोघांचंही एकच: धातूवरची मळी काढणं. तापवायचा तो जोड. सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर सोल्डर वितळवून वर थेंब टाकला तर तो वरवर बसतो, आतून सुटाच राहतो. दोन वायरींची मात्र अदलाबदल करू नका. मधली पत्तीला, बाहेरची जाळी अर्थला.

आणि प्लेटचे स्क्रूच लाकडात फिरत असतील, तर आगपेटीची काडी गुल काढून फेव्हिकॉलमध्ये बुडवायची, भोकात ठोकायची, वर आलेला भाग कापायचा. रात्रभर वाळू द्या, मग स्क्रू बसवा.