यंत्र एकदा विकते, सेवा दरवर्षी

लोणावळ्याचा चिक्की विक्रेता असो, कामशेतची पतसंस्था असो की तळेगावचा कारखाना. संगणक आला की त्याच्या मागोमाग एक कागद येतो. त्याचे नाव एएमसी, म्हणजे वार्षिक देखभाल करार. संगणक वर्षभर विनातक्रार चालला, तरी पैसे कशाचे भरायचे, असा प्रश्न मग पडतो. तो रास्तच आहे.

विक्रेत्याचा हिशेब समजून घेऊ. यंत्राच्या किमतीत स्पर्धा फार, नफा थोडा. चांगले यंत्र पाच-सात वर्षे टिकते. तोवर गिऱ्हाईक पुन्हा दारात येत नाही. कराराचे पैसे मात्र दरवर्षी येतात आणि यंत्र बिघडले नाही, तर त्यातला बराचसा भाग शिल्लकच राहतो.

ही युक्ती जुनी आहे. आयबीएम कंपनी पूर्वी भारतात 1401 जातीचे संगणक भाड्याने देत असे. परकी चलन कायद्यामुळे भारतीय भागीदारी घेण्याचा आग्रह झाला, तेव्हा 1978 मध्ये तिने भारतातला गाशा गुंडाळला. मागे राहिलेल्या यंत्रांची देखभाल 1975 मध्ये स्थापन झालेल्या सरकारी कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशनकडे, म्हणजे ‘सीएमसी’कडे आली. देखभालीतून शिकलेल्या याच कंपनीने पुढे मुंबई शेअर बाजाराची 1995 मध्ये सुरू झालेली ‘बोल्ट’ ही संगणकीय प्रणाली उभारली. 2015 मध्ये ती टीसीएसमध्ये विलीन झाली.

आयबीएमनेही हाच मार्ग धरला. 1993 मध्ये प्रचंड तोटा झाल्यावर तिने सेवांवर भर दिला. 2001 मध्ये तिच्या सुमारे 86 अब्ज डॉलर महसुलापैकी 35 अब्ज सेवांमधून आले. 2005 मध्ये तर तिने आपला छोट्या संगणकांचा व्यवसाय लेनोव्हो या चिनी कंपनीला विकून टाकला.

यात फसवणूक आहे असे नाही. सुट्या भागांसह करार असेल, तर यंत्र न बिघडण्यात विक्रेत्याचाही फायदा असतो. दर फेरीचे पैसे घेणाऱ्याला मात्र बिघाडच लाभतो. म्हणून सही करण्यापूर्वी करार नीट वाचावा. मावळात पावसाळ्याचे चार महिने दमट हवा, विजांचा कडकडाट आणि विजेचा लपंडाव. पण वीज पडून किंवा दाब वाढून झालेले नुकसान अनेक करारांत वगळलेले असते. पुण्याहून तंत्रज्ञ किती तासांत येणार, सुटे भाग कोणाच्या खर्चाने, खातेवहीची रोजची दुसरी प्रत कोण ठेवणार, हे लेखी घ्यावे. आणि मुख्य पासवर्ड आपल्याकडेही असावा. पतसंस्थेच्या ठेवीदारांचा हिशेब एकट्या तंत्रज्ञाच्या हाती राहिला, तर करार मोडायची सोयच उरत नाही. मग तो मागेल तो दर द्यावा लागतो.