फोनची कार्यप्रणाली बदलताना अडथळा आल्यास काय करावे?

स्मार्टफोन बनवणाऱ्या कंपनीने सुरक्षाविषयक सुधारणा पाठवणे थांबवले, की उत्तम स्थितीतील फोनही काळाच्या ओघात असुरक्षित होत जातो. अशा फोनमधील मूळ ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजेच कार्यप्रणाली, काढून तिच्या जागी स्वयंसेवकांनी तयार केलेली मुक्त कार्यप्रणाली बसवता येते. मात्र हे काम करताना पडद्यावर एखादा त्रुटी-संदेश झळकला, की अनेक वापरकर्ते गोंधळतात आणि घाईघाईने नको ती आज्ञा देऊन बसतात. वास्तविक यातील बहुतेक संदेश चूक होऊ नये यासाठी यंत्रणेने घातलेले अटकाव असतात. ते नीट वाचले, तर काम कोणत्या टप्प्यावर आणि का थांबले, हे कळू शकते.

राजधानी क्षेत्रातील एक प्रकरण

राष्ट्रीय राजधानी क्षेत्र म्हटले, की मराठी वाचकाला पानिपतजवळचे काला अंब येथील स्मारक आठवते. याच क्षेत्राच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या गुरुग्राममधील मायक्रोमॅक्स या कंपनीमुळे २०१४ साली फोनच्या कार्यप्रणालीचा प्रश्न थेट दिल्ली उच्च न्यायालयात पोहोचला होता.

सायनोजेनमॉड ही अँड्रॉइडवर आधारित मुक्त कार्यप्रणाली २००९ पासून हौशी तंत्रज्ञ विकसित करत होते. पुढे सायनोजेन या अमेरिकी कंपनीने तिची व्यापारी आवृत्ती काढली. ही आवृत्ती असलेला वनप्लस वन हा फोन डिसेंबर २०१४ मध्ये भारतात विक्रीस आला. परंतु भारतात ती वापरण्याचा अनन्य हक्क आपल्याकडे असल्याचा दावा मायक्रोमॅक्सने केला. त्यावर न्यायालयाने १६ डिसेंबर २०१४ रोजी वनप्लसच्या अशा फोनच्या विक्रीस मनाई केली. त्याच महिन्यात खंडपीठाने ही मनाई तात्पुरती उठवली. दरम्यान, मायक्रोमॅक्सने सायनोजेनची प्रणाली असलेला यू युरेका हा फोन ८,९९९ रुपये किमतीला जाहीर केला होता.

त्यानंतर दोनच वर्षांनी, डिसेंबर २०१६ मध्ये, सायनोजेन कंपनीने आपल्या सेवा ३१ डिसेंबरपर्यंत बंद करण्याची घोषणा केली. ग्राहकांच्या हातातील फोन चालू होते, पण या कंपनीकडून येणाऱ्या सुधारणांचा मार्ग बंद झाला. जुन्या प्रकल्पातील तंत्रज्ञांनी लगेचच लिनिएजओएस या नावाने काम पुढे सुरू केले. मात्र ही प्रणाली फोनवर ज्याची त्याने बसवायची होती. विक्रीचा हक्क कोणाचा, यावर न्यायालयात वाद झाला. विकलेल्या फोनची पुढे काळजी कोण घेणार, हा प्रश्न ग्राहकापुढेच राहिला. आज अनेक जुन्या फोनच्या मालकांची स्थिती अशीच आहे.

काम कोणत्या टप्प्यांत होते?

फोन सुरू करताच सर्वांत आधी बूटलोडर हा छोटा प्रोग्रॅम जागा होतो आणि तो कार्यप्रणालीला जागे करतो. कंपनीने मान्य केलेली प्रणालीच सुरू व्हावी, यासाठी त्याला कुलूप घातलेले असते. हे कुलूप काढणे हा पहिला टप्पा. दुरुस्तीसाठी राखलेल्या रिकव्हरी या विभागात नवे सॉफ्टवेअर टाकणे हा दुसरा. रिकव्हरीच्या मदतीने जुनी माहिती पुसून नवी प्रणाली बसवणे हा तिसरा आणि फोन प्रथमच नव्या प्रणालीत सुरू होणे हा चौथा टप्पा होय.

कुलूप काढताच फोनमधील सर्व माहिती पुसली जाते. म्हणून छायाचित्रे, दूरध्वनी क्रमांक, व्हॉट्सॲपवरील संभाषणे आणि दुहेरी पडताळणीचे संकेतांक देणाऱ्या ॲपमधील नोंदी आधीच इतरत्र साठवून ठेवाव्यात. यातील शेवटची बाब हमखास विसरली जाते आणि नंतर स्वतःच्याच खात्यांत प्रवेश करणे अवघड होऊन बसते.

संगणकाला फोन दिसत नाही

संगणकावर 'वेटिंग फॉर एनी डिव्हाइस' असा संदेश येऊन काम पुढे सरकत नसेल, तर दोष बहुधा फोनचा नसतो. अनेक केबल केवळ चार्जिंगपुरत्या असतात; त्यांतून माहितीची देवाणघेवाण होत नाही. त्यामुळे प्रथम केबल बदलावी, नंतर संगणकावरील दुसऱ्या खाचेत ती लावून पाहावी. विंडोज संगणकावर फोनसाठीचा ड्रायव्हर बसवलेला असणेही आवश्यक असते.

'अनऑथोराइज्ड' असा शब्द दिसल्यास फोनचा पडदा उघडून पाहावा. या संगणकाला परवानगी द्यायची का, असा प्रश्न तेथे उत्तराची वाट पाहत असतो.

कुलूप उघडण्यास नकार

'ओईएम अनलॉक इज नॉट अलाउड' या संदेशाचा अर्थ, फोनच्या सेटिंगमध्ये कुलूप काढण्याची अनुमती दिलेली नाही, असा आहे. ही अनुमती डेव्हलपर ऑप्शन्स या यादीत असते. 'अबाउट फोन' मधील बिल्ड क्रमांकावर सात वेळा बोट टेकवल्यावर ही यादी दिसू लागते.

काही कंपन्या त्यासाठी आपल्या संकेतस्थळावर नोंदणी करावयास लावतात, काही ठरावीक दिवस थांबवतात, तर काहींनी ही सोय बंदच केली आहे. कंपनीने मार्ग ठेवला नसेल, तर पैसे घेऊन कुलूप तोडून देणाऱ्या अनोळखी प्रोग्रॅमच्या नादी लागू नये. असे प्रोग्रॅम फोनमधील माहितीलाच धोका पोहोचवू शकतात.

'एरर ७' आणि बेकन-टोमॅटोचा फरक

सर्वाधिक गोंधळ उडवणारा संदेश म्हणजे 'एरर ७'. प्रणालीचे पॅकेज स्वतःला बसवून घेण्यापूर्वी हा फोन आपल्यासाठीच आहे ना, याची खात्री करते. त्यासाठी फोनच्या बाजारातील नावाऐवजी त्याचे सांकेतिक नाव तपासले जाते. वनप्लस वनचे सांकेतिक नाव 'बेकन', तर युरेकाचे 'टोमॅटो' आहे. दोन्ही फोनवर सायनोजेनचीच प्रणाली होती. परंतु पहिल्यात स्नॅपड्रॅगन ८०१, तर दुसऱ्यात स्नॅपड्रॅगन ६१५ हा प्रोसेसर आहे. एकाचे पॅकेज दुसऱ्यावर चालणार नाही. तसा प्रयत्न झाल्यास पॅकेज काम थांबवते आणि 'एरर ७' दाखवते.

फोनमधील मोडेमसारखे भाग चालवणारे कंपनीचे सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, जुने असेल तरीही हाच संदेश येऊ शकतो. अशा वेळी त्या फोनसाठी सांगितलेली फर्मवेअरची आवृत्ती बसवून पुन्हा प्रयत्न करावा. रिकव्हरी जुनी असल्यास तीही बदलावी.

या संदेशावर उपाय म्हणून पॅकेजमधील तपासणीची ओळच काढून टाकण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. हा सल्ला मानू नये. फाटकावरच्या रखवालदाराला घरी पाठवल्याने आत येणारा माणूस ओळखीचा होत नाही. चुकीच्या फोनचे पॅकेज अशा रीतीने बसले, तर फोन सुरू होण्याची शक्यताच संपू शकते.

स्वाक्षरी जुळत नाही, काम अर्ध्यावर थांबते

'सिग्नेचर व्हेरिफिकेशन फेल्ड' या संदेशाची दोन कारणे संभवतात. पॅकेज अर्धवट उतरलेले असणे हे पहिले. प्रकल्पाच्या संकेतस्थळावर प्रत्येक पॅकेजसोबत एसएचए-२५६ या पद्धतीची अक्षर-अंकांची लांबलचक ओळ दिलेली असते. विंडोजवर सर्टयुटिल या आज्ञेने आपल्या प्रतीची अशीच ओळ काढता येते. दोन्हींत एका अक्षराचाही फरक आढळल्यास पॅकेज पुन्हा उतरवून घ्यावे.

दुसरे कारण म्हणजे पॅकेजवर वेगळ्या गटाची स्वाक्षरी असणे. लिनिएजओएसची रिकव्हरी वापरून गूगलच्या ॲपचे पूरक पॅकेज बसवताना असे होणे अपेक्षितच असते. ते शिफारस केलेल्या ठिकाणाहून घेतले असल्याची खात्री असेल, तर होकार देऊन पुढे जाता येते. तोच संदेश मुख्य प्रणालीच्या बाबतीत आला, तर मात्र थांबून कारण शोधावे.

संगणकावरून पॅकेज पाठवताना आकडा ४७ टक्क्यांवर थांबला, म्हणून केबल उपसणाऱ्यांची संख्याही कमी नाही. संगणकावरील हा आकडा फोनमधील कामाशी जुळतोच असे नाही आणि ४७ टक्क्यांवर काम यशस्वीपणे पूर्ण झालेले असू शकते. त्यामुळे फोनच्या पडद्यावर काय लिहिले आहे, ते पाहूनच निर्णय घ्यावा.

'एरर ७०' चा संदेश त्या मानाने सरळ आहे. गूगल ॲपचे पॅकेज प्रणालीसाठी राखलेल्या जागेत मावत नाही, असे तो सांगतो. त्याच पॅकेजची लहान आवृत्ती घेतल्यास अडचण दूर होते.

फोन कंपनीच्या चिन्हावरच अडकतो

नवी प्रणाली बसल्यानंतर फोन प्रथम सुरू होण्यास दहा ते पंधरा मिनिटे लागू शकतात. तेवढा वेळ फोनला हात लावू नये. त्यानंतरही चिन्हच फिरत राहिले किंवा फोन पुन्हा पुन्हा बंद-चालू होऊ लागला, तर जुनी माहिती पूर्णपणे पुसली गेली नसण्याची शक्यता असते. जुन्या प्रणालीने कूटबद्ध केलेली माहिती नव्या प्रणालीला वाचता येत नाही. 'फेल्ड टू माउंट डेटा' हा संदेशही बहुधा याच कारणाने येतो. रिकव्हरीत जाऊन 'फॉरमॅट डेटा' हा पर्याय निवडल्यावर मार्ग मोकळा होतो. नुसते 'वाइप' करणे येथे पुरेसे ठरत नाही.

गूगलच्या ॲपचे पॅकेज अँड्रॉइडच्या वेगळ्या आवृत्तीसाठीचे असणे किंवा प्रणाली एकदा सुरू झाल्यानंतर ते बसवणे, हेही एक कारण असते. अशा वेळी पुसण्यापासून पुन्हा सुरुवात करणे श्रेयस्कर.

या टप्प्यावर एक गोष्ट धीर देणारी आहे. फोन बूटलोडरमध्ये किंवा रिकव्हरीत जात असेल, तर तो बहुतेक वेळा वाचवता येतो. कंपनीची त्याच मॉडेलसाठीची मूळ प्रणाली उपलब्ध असेल, तर ती बसवून परत फिरता येते. म्हणून ती काम सुरू करण्यापूर्वीच संगणकावर उतरवून ठेवावी.

परतीचा मार्ग बंद करणाऱ्या चुका

तीन चुका मात्र महागात पडतात. नवी प्रणाली बसल्यावर सुरक्षिततेच्या विचाराने बूटलोडरला पुन्हा कुलूप लावणे, ही पहिली. बहुतेक फोनमध्ये अशी बाहेरची प्रणाली कुलूपबंद बूटलोडरला मान्य नसते आणि फोन सुरूच होत नाही. दुसरी चूक म्हणजे कंपनीच्या प्रणालीची जुनी आवृत्ती बळेच बसवणे. मागे जाण्यास प्रतिबंध करणारी व्यवस्था ज्या फोनमध्ये आहे, तो यामुळे कायमचा निकामी होऊ शकतो.

तिसरी बाब आयएमईआय क्रमांकाची. फोनमधील विशिष्ट विभाग पुसला गेल्यास हा १५ अंकी क्रमांक नाहीसा होतो आणि फोनला नेटवर्क मिळत नाही. *#०६# हे अंक फिरवून तो आधीच लिहून ठेवावा आणि रिकव्हरीत तशी सोय असल्यास त्या विभागाची प्रत काढावी. क्रमांक गेल्यावर बाजारातून दुसरा क्रमांक 'लिहून' घेणे हा गुन्हा आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात दूरसंचार ओळख क्रमांकाशी छेडछाड करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे. अशा वेळी अधिकृत सेवा केंद्रात जाणे हाच योग्य मार्ग.

निर्णय घेण्यापूर्वी

सर्व काही सुरळीत पार पडले, तरी काही बँकांची आणि पैसे पाठवण्याची ॲप अशा फोनवर चालण्यास नकार देतात. प्ले इंटेग्रिटी या गूगलच्या तपासणीत उघड्या बूटलोडरची नोंद होते. कंपनीकडून हमीबाबत आडकाठी होण्याचीही शक्यता असते. म्हणून ज्या फोनवर घरातील सर्व आर्थिक व्यवहार अवलंबून आहेत, त्यावर पहिला प्रयोग करू नये. दूरच्या प्रवासाला निघण्याच्या आदल्या रात्रीही हे काम हाती घेऊ नये, कारण रेल्वेचे तिकीट, पैसे आणि ओळखपत्र त्याच फोनमध्ये असते.

घरात पडून असलेला जुना फोन, पूर्ण भरलेली बॅटरी, चांगली केबल आणि मोकळा दिवस, ही या कामाची योग्य सुरुवात होय. अडथळा आल्यास संदेश शब्दशः लिहून घ्यावा, कोणत्या टप्प्यावर तो आला ते पाहावे आणि कारण कळेपर्यंत पुढची आज्ञा देऊ नये. संदेश दाखवून थांबलेला फोन बहुधा सुस्थितीत असतो. त्याची पुढची अवस्था वापरकर्त्याच्या पुढच्या कृतीवर ठरते.